आजार कधीपासून

सिस्टरच्या मते आजार दोनच प्रकारचे. एक खरे आणि दुसरे सोमवारचे. खरा आजार थर्मामीटरमध्ये दिसतो, रक्तदाबाच्या यंत्रावर दिसतो, काहीच नाही तर माणसाच्या जिभेवर तरी दिसतो. सोमवारचा आजार फक्त हजेरीच्या वहीत दिसतो. असल्या आजाऱ्यांना ती एरंडेलाचा मोठा चमचा पाजायची आणि घोट घशाखाली उतरेपर्यंत समोर उभी राहायची. मंगळवारी त्यांतला एकही पुन्हा तोंड दाखवत नसे.

कारखाना धुलाईचा होता. इस्पितळांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल सकाळी मळक्या गठ्ठ्यांनी आत यायचे आणि संध्याकाळी घड्या होऊन बाहेर पडायचे. तीनशे माणसं, अकरा मोठी यंत्रं आणि त्या सगळ्यांना वाफ पुरवणारा एक बॉयलर. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला दोन खोल्यांचा दवाखाना. त्यात एक तपासणीचं टेबल, एक काचेचं कपाट, एक वजनकाटा आणि सिस्टर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, चहा पीत, सह्या करत आणि निघून जात. दवाखान्याचा गोल शिक्का मात्र सिस्टरच्या खणात असे, आणि त्या खणाची किल्ली तिच्या गळ्यात.

सगळा कारखाना तिला सिस्टर म्हणायचा. त्या तीनशे माणसांत तिचा सख्खा भाऊ एकच होता, आणि त्यालाही फाटकाच्या आत तिला सिस्टरच म्हणावं लागायचं. तसा हुकूम तिनेच काढला होता, नऊ वर्षांपूर्वी. जुन्या लोकांना नातं ठाऊक होतं, पण तिच्यासमोर त्याचा उल्लेख करण्याची कोणाची छाती नव्हती. नव्यांना कोणी सांगितलंच नाही.

भाऊ बॉयलरवर होता. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर नजर ठेवायची, आग सांभाळायची आणि आठ, बारा, चार वाजता साखळी ओढून वाफेचा भोंगा वाजवायचा, एवढं त्याचं काम. त्यावरून लोक त्याला भोंग्या म्हणत. त्याची तब्येत विचारायला त्याच्यापर्यंत जावंच लागत नसे. भोंगा वेळेवर झाला की भोंग्या शुद्धीवर आहे. पाच मिनिटं उशिरा झाला की आदल्या संध्याकाळची उतरायची आहे. दोनदा झाला की सकाळीच लावून आला आहे.

तीन महिन्यांपूर्वी बाराचा भोंगा सव्वाअकराला झाला. तीनशे माणसं हातातलं काम टाकून जेवायला गेली. इस्त्रीच्या तापल्या रुळांत अडकलेल्या चादरी तशाच भाजत राहिल्या, आणि जळका वास आल्यावर शहाण्यांच्या लक्षात आलं की आपल्याला अजून भूकच लागलेली नाही. बॉयलरखान्यात भोंग्या स्टुलावर बसून दोन्ही हातांनी साखळीला लोंबकळत होता, आणि त्याच्या पाठीमागे पाण्याची काच जवळजवळ कोरडी पडली होती. फिटरने धावत जाऊन आग बंद केली म्हणून निभावलं. आणखी दहा मिनिटं गेली असती तर भोंगा वाजवायला बॉयलर उरला नसता आणि ऐकायला माणसं.

कारखान्याने त्याला नव्वद दिवसांसाठी व्यसनमुक्ती केंद्रात धाडलं. तिथून तो दोन गोष्टी घेऊन परत आला. एक म्हणजे अंगावर चढलेलं सहा किलो मांस, आणि दुसरा एक शब्द. आजार.

हा शब्द सिस्टरने आधीच ऐकला होता. केंद्रात नातेवाइकांसाठी एक दिवस असतो, आणि आईने हट्टच धरला म्हणून ती गेली होती. तिथल्या समुपदेशकाचा आवाज इतका मऊ होता की तिला वाटलं, याच्या तोंडात लोणी आहे आणि ते वितळू नये म्हणून हा जपून बोलतोय. त्याने फळ्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा मेंदू काढला, त्यात एक लाल ठिपका दिला आणि सांगितलं की दोष माणसाचा नसतो, या ठिपक्याचा असतो. मधुमेह झालेल्याला आपण कधी दोष देतो का?

सिस्टरने हात वर केला. "मधुमेहवाला साखर खायला खिडकीतून उडी मारत नाही."

"मारतो," समुपदेशक हसून म्हणाला. "कधी कधी मारतो, ताई. तुमच्या पाहण्यात नसेल."

सगळे हसले. आईसुद्धा हसली. सिस्टरने त्या माणसाला तिथल्या तिथे आपल्या यादीतून खोडून टाकलं. तीस वर्षं रोग्यांची उष्टी-खरकटी काढणाऱ्या बाईला हा खडूचा तुकडा घेऊन रोग शिकवणार. आणि वर ताई म्हणणार.

येताना रस्त्यात आई म्हणाली, "मी म्हणतच होते, त्याला बरं नाहीये."

"आई, तो प्यायचा."

"तेच ना. बरं नसल्यासारखा प्यायचा."

आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मुलगा दारुडा असला तर आईचं काहीतरी चुकलेलं असतं. मुलगा आजारी असला तर आईने फक्त सेवा केलेली असते. नव्वद दिवसांत आई दहा वर्षांनी तरुण झाली होती. भाऊ सुटला, आई सुटली, सगळी बिऱ्हाडं त्या एका शब्दात मावली. जागा पुरली नाही ती फक्त सिस्टरला.

कारण खरी गोष्ट रोगाची नव्हतीच. खरी गोष्ट होती अर्ध्या दाढीची.

त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून बसणारा, दाढीचा एक खुंटही न खपवून घेणारा माणूस. शेवटच्या दुखण्यात इस्पितळात होते तेव्हाही रोज दुपारी दोनला दाढी झालीच पाहिजे असा त्यांचा नेम. सिस्टर तेव्हा ड्यूटीवर असे आणि भावाने रजा काढली होती, म्हणून ते काम त्याच्याकडे. महिनाभर त्याने ते बिनचूक केलं, हे खरं. मग त्या मंगळवारी त्याने एक गाल केला, दुसऱ्या गालाला फेस लावला, ब्लेड बोथट झालंय, नवं आणतो म्हणाला आणि गेला. तो तिसऱ्या दिवशी परत आला. वडिलांनी तासभर वाट पाहिली. फेस वाळून कातडी ताणायला लागली तेव्हा तोंड धुवायला स्वतःच उठले आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर पडले. खुब्याचं हाड मोडलं. चौथ्या दिवशी गेले. दुसऱ्या गालाची दाढी सिस्टरने केली, पण ती सगळं आटोपल्यावर.

नऊ वर्षं ती एका वाक्याची वाट पाहत होती. मोठं नाही, रडारड नको, पाया पडणं नको. भावाने मात्र आधी दोन वर्षं ब्लेडच्या दुकानाचं पुराण लावलं, मग सहा वर्षं विषय टाळला, आणि आता नवव्या वर्षी तो हा ठिपका घेऊन आला. आजार मान्य करायचा तर मग तिने हिशेब कोणाला विचारायचा? फ्लॉवरच्या गड्ड्याला?

सोमवारी तो दवाखान्यात आला. सोमवारच शोधून काढलान, सिस्टर मनात म्हणाली. हातात कारणपत्रक होतं. लांब रजेवरून आलेल्या प्रत्येकाला ते भरावं लागे, आणि त्यातला सातवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्याचे दोन भाग होते. अ म्हणजे आजार: नाव काय, कधीपासून. ब म्हणजे स्वतःची चूक: तपशील, दिनांक, नुकसान कोणाचे. अ भरून दवाखान्याचा शिक्का घेतला की माणूस कामावर राहायचा. बॉयलर मिळाला नसता, पण घड्या घालायच्या विभागात उभं राहता आलं असतं. ब भरला की त्याच दिवशी फाटकाबाहेर.

"काय होतंय?" तिने विचारलं. ती सगळ्यांनाच असं विचारायची.

"शिक्का हवा होता, ताई."

"ताई घरी. इथे सिस्टर."

"शिक्का हवा होता, सिस्टर."

"रजा कशाची?"

"आजाराची."

"कोणत्या?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला आजार माहीत असतात. तुझा कुठला ते पाहू. आ कर."

तिने त्याच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला. वयाची चव्वेचाळीस वर्षं झालेला, कानशिलं पांढरी पडलेला माणूस तोंडात काचेची नळी धरून स्टुलावर मुकाट बसून राहिला. तिला त्याची दया आली नाही. अशी दया येण्याचे दिवस तिने केव्हाच वापरून संपवले होते.

"साडेअठ्ठ्याण्णव," ती म्हणाली. मग रक्तदाब पाहिला, नाडी मोजली, पापणी खाली ओढून पाहिली. "जीभ स्वच्छ. वजन छान वाढलंय. तुला काहीही झालेलं नाही. अभिनंदन."

"तिथे शिकवलंय," तो हळू म्हणाला, "रोज सकाळी उठल्यावर स्वतःला सांगायचं. मी वाईट नाही, मी आजारी आहे."

"वा. आणि हे कोणी शिकवलं नाही, की रोज सकाळी आणखीही काही सांगायचं असतं? बाबांचा मंगळवार आठवतो का? तेव्हाही आजारी होतास?"

"होतो."

"एकदा म्हण. मी केलं. तीन अक्षरं आहेत. म्हण आणि शिक्का घेऊन जा."

तो वजनकाट्याकडे बघत राहिला. काटा रिकाम्या फळीवर उगाच थरथरत होता.

"मी तेव्हा आजारी होतो," तो म्हणाला.

"मग जा. आजार सापडला की ये. शिक्का कुठे पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भावजय आली. ती एका शिंप्याच्या दुकानात जुन्या कपड्यांची मापं बदलायचं काम करायची. बोलता बोलता तिची नजर समोरच्याच्या शिवणीवर असे, आणि बहुधा तिथे तिला काहीतरी उसवलेलं सापडत असे.

"वन्सं, शिक्का द्या."

"त्याला आजार नाहीये."

"मग खोकला म्हणून द्या. मला शब्दाशी काही देणंघेणं नाही." ती न बसताच बोलत होती. "तुमचं काय, तुमचं शब्दावर भांडण आहे. माझं बघा. आजार म्हटलं आणि मी सोडून गेले, तर आजारी नवऱ्याला टाकणारी. व्यसन म्हटलं आणि राहिले, तर दारुड्याच्या घरात राहणारी मूर्ख. दोन्हीकडून मीच. म्हणून मी शब्दाच्या नादाला लागतच नाही."

"तो परत पिणार नाही असं वाटतं तुला?"

"मला काही वाटत नाही. मला संध्याकाळी पाच वाजता घरी येणारा माणूस हवाय, हातात रिकामा डबा घेऊन. काम गेलं तर तो सकाळी अकराला घरात असेल. दांडी मारून सकाळी अकराला घरात असलेला माणूस मी बारा वर्षं पाहिलाय." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "काल घरी आल्यापासून बोललेला नाही. टेबलाशी बसून होता. तुम्ही दोघं भावंडं एकाच मापाची. एकाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला ऐकल्याशिवाय जमत नाही."

सिस्टरला तिचा राग आला. बाहेरून आलेल्या माणसाने घरातलं बरोबर सांगितलं की राग येतोच.

गुरुवारी हजेरी क्लार्क स्वतः कागद घेऊन दवाखान्यात आला. चार महिन्यांपूर्वीच बदलून आलेला, गुबगुबीत, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत हिंडणारा गृहस्थ. आज त्याला हसू आवरत नव्हतं.

"सिस्टर, तुमचा शिक्का लागेल. नुसतं पाहिलं म्हणून मारायचा, कारण प्रकरण आजाराचं राहिलेलंच नाही. त्या बॉयलरवाल्याने कागद थेट माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हटलं, बाबा रे, आधी दवाखान्यात जा. म्हणाला, दवाखान्याचं काम नाही."

"बरं."

"आणि वाचा तर खरं. आम्ही विचारलं भोंग्याचं, हा लिहितो दाढीचं. दारूने डोकं पार गेलंय. वर नुकसान कोणाचं, तर ताईचं. मी म्हटलं, बाई जखमी झाली की काय त्या दिवशी! सगळं हजेरीपत्रक चाळलं. ताई नावाची एकही बाई आपल्याकडे नाही. कंत्राटी असेल का हो?"

"ठेवा कागद," सिस्टर म्हणाली. "चष्मा कपाळावर आहे तुमचा."

तो गेल्यावर तिने दार लोटून घेतलं. भावाचं अक्षर शाळेत होतं तसंच होतं, ओळीवरून घसरणारं. अ समोर त्याने आडवी रेघ मारली होती. ब समोर लिहिलं होतं:

वडिलांची अर्धी दाढी करून उठलो. ब्लेड आणतो म्हणालो. ब्लेड खिशातच होतं. नवं, कागदात गुंडाळलेलं. खोटं बोलून गेलो. मी केलं.

त्याखाली त्या मंगळवारची तारीख होती आणि वेळ, दुपारचे दोन. नुकसान कोणाचे, यापुढे दोनच शब्द होते. माझ्या ताईचे.

आधी तिचं डोकं भडकलं. कारण ब्लेडची गोष्ट तिने मनातल्या मनात खरी मानली होती. रस्त्यात पाय वळला असेल, पण निघाला तर ब्लेडसाठीच, एवढ्या एका धाग्यावर तिने हा भाऊ नऊ वर्षं अडकवून ठेवला होता. तोही धागा त्याने आज स्वतःच्या हाताने तोडला. नऊ वर्षं मागितलेलं वाक्य तिला मिळालं होतं, अगदी तीन अक्षरांत मिळालं होतं, आणि ते मागितलं त्यापेक्षा वाईट निघालं. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता शिक्का मारावा. पाहिले. आणि जाऊ दे त्याला फाटकाबाहेर, खिशात ब्लेड घेऊन.

तिने शिक्का काढलाही. शाईच्या पॅडवर दाबलाही. पण कागद तिने पुन्हा वाचला, आणि या वेळी भावाचा म्हणून नाही, तर रोग्याची केस म्हणून वाचायला लागली. तीस वर्षांची सवय होती ती.

माणूस बापासमोर बसला आहे. हा बाप त्याचा नावडता नाही. महिनाभर रोज त्याचं तोंड हातात धरून याने दाढी केली आहे. एक गाल झाला आहे. दुसऱ्या गालाला फेस लागला आहे. नवं ब्लेड खिशात आहे. काम उरलंय पाच मिनिटांचं. दारूचं दुकान संध्याकाळपर्यंत उघडं आहे, कुठे उडून जात नाही. आणि हा उठतो.

दुष्ट माणूस दाढी पूर्ण करून गेला असता. आळशी माणसाने ती सुरूच केली नसती. नुसती मजा मारायला निघालेला माणूस आणखी पाच मिनिटं सहज थांबला असता, शीळ घालत थांबला असता. तोंडात घास असताना ओकारीसाठी धावणारे रोगी तिने पाहिले होते. वाक्य अर्धं सोडून झटके येणारे पाहिले होते. पाच मिनिटं थांबता न येणं म्हणजे काय, हे तिला कोणी फळ्यावर काढून दाखवायची गरज नव्हती. थर्मामीटरमध्ये न सापडलेलं लक्षण इथे ओळीवरून घसरणाऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि लिहिणारा बिचारा त्यालाच चूक म्हणत होता.

त्या लोणी तोंडात धरलेल्या समुपदेशकाचं बरोबर निघावं याचा तिला मनस्वी संताप आला.

तिने खणातून कोरं कारणपत्रक काढलं, सातव्या रकान्यातला अ स्वतःच्या अक्षरात भरला आणि बॉयलरखान्याकडे निघाली. नऊ वर्षांत ती त्या दिशेला गेली नव्हती. भाऊ आपल्या कपाटातलं सामान पिशवीत भरत होता. एक टॉवेल, एक कंगवा, एक फुटका कप. बॉयलरवर नवा माणूस बसला होता आणि काचेवरून डोळा हलवत नव्हता.

"सही कर," ती म्हणाली.

त्याने कागद वाचला. "हे काय?"

"आजार."

"नाही." त्याने कागद परत पुढे केला. "मी दिलाय लिहून. मी केलं."

"तू चुकीच्या रकान्यात भरलास."

"बरोबर भरला. ताई, ब्लेड माझ्या खिशात होतं. मला माहीत होतं. पायऱ्या उतरताना ते हाताला लागत होतं. तू म्हणतेस तेच बरोबर. मी आजारी नव्हतो."

"होतास."

"तूच सोमवारी म्हणालीस, काही झालेलं नाही."

"सोमवारी मला कळत नव्हतं. आता कळतंय. आजारी माणसाने सिस्टरला अक्कल शिकवू नये."

नव्या बॉयलरवाल्याने पहिल्यांदा काचेवरून नजर काढली. सिस्टरने त्याच्याकडे असं पाहिलं की ती नजर जागच्या जागी परत गेली.

भाऊ पिशवी धरून उभा होता. "मग ते लिहिलं त्याचं काय? तीन रात्री लिहीत होतो. माफ केलंस का?"

हा प्रश्न तो विचारणार हे तिला माहीत होतं, आणि उत्तर देताना आपल्याला बरं वाटणार नाही हेही.

"आजाऱ्याला कोणी माफ करत नाही," ती म्हणाली. "त्याला गोळ्या देतात, वजन बघतात, आणि पुढच्या आठवड्यात बोलावतात. माफी हवी असेल तर ब. काम हवं असेल तर अ. दोन्ही भाग एकदम भरता येत नाहीत."

"मला ब चालेल."

"तुला चालेल. तुझ्या बायकोला चालत नाही. ती सकाळी अकराला कंटाळलीय. कर सही."

त्याने पिशवी खाली ठेवली, कागद बॉयलरच्या कोमट पत्र्यावर धरला आणि सही केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा जे खरं बोलला होता ते त्याने स्वतःच्या सहीने मागे घेतलं, आणि ते तिने करवून घेतलं. तिला त्याची कीव आली नाही. स्वतःची थोडी आली, आणि ती तिला अजिबात आवडली नाही.

"माझा तुझ्यावर कवडीचा विश्वास नाही," ती म्हणाली. "दर सोमवारी सकाळी आठच्या आधी दवाखान्यात यायचं. तोंडाचा वास बघणार. आला वास, तर मीच लिहीन पुढचा कागद."

"बरं, सिस्टर."

ती दारापर्यंत गेली होती. "घड्यांच्या विभागात बायका फार आहेत," ती मागे न वळता म्हणाली. "कोणालाही ताई म्हणत बसू नकोस. मला म्हण."

हजेरी क्लार्कने नवा कागद पाहिला आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हे एकदम उलटंच झालं की, सिस्टर. आणि जुना कागद?"

"खराब झाला. शाई सांडली." तो तिच्या एप्रनच्या खिशात होता, चौघडी घालून.

"बरं. आजाराचं नाव, व्यसन. ठीक." त्याचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं. "कधीपासून, इथे तारीख चुकलीय तुमची. वर्ष नऊ वर्षांपूर्वीचं पडलंय."

"बरोबर आहे."

"पण मग अडचण होईल. आजारी माणूस नऊ वर्षं बॉयलरवर होता असा अर्थ निघतो. दवाखान्याच्या नाकासमोर. वरून विचारतील. गेल्या तीन महिन्यांपासूनचा लिहा, कशाला उगाच?"

"तेव्हापासूनचाच आहे. सोमवारपासून." त्या मंगळवारच्या आदल्या दिवसाची तारीख तिने पाहून, मोजून घातली होती. दाढीला बसला तेव्हा तो आजारी असायला हवा होता, एक दिवस आधीपासून.

क्लार्कला त्यातलं काही कळलं नाही. त्याने मान हलवली आणि तो म्हणाला, "पण नऊ वर्षं, सिस्टर. नऊ वर्षं आजार समोर दिसत होता, तर तुम्ही काय करत होतात?"

सिस्टरने शिक्का तारखेच्या बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला.

"माफीची वाट बघत होते," ती म्हणाली.